वाहन वापरात आहे

"वत्सलाबाई, एवढी वर्षं तुम्ही अपंग लोकांसाठी काम केलंत, आमच्या दिवाळी अंकाला चार चांगल्या आठवणी लिहून द्या," असं आमच्या समाजाच्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. चांगल्या आठवणी आहेत माझ्याजवळ, नाहीत असं नाही. पण लिहायला बसले की एकच पुढे येऊन बसते, आणि ती चांगली नाही. तीच लिहिते. माझं मराठी म्हैसूरचं, घरात बोलून शिकलेलं. मध्येमध्ये कानडी शब्द येतील, ते काढू नका असं संपादकांना सांगून ठेवलं आहे.

मी सरकारची पुनर्वसन कार्यकर्ती होते. नाव मोठं, काम पायी चालण्याचं. आमचं घर म्हैसुरात नजरबादला, पण माझा तालुका नंजनगूड. सकाळच्या बसने जायचं, तिथून दुसऱ्या बसने गावात, आणि गावात शिरल्यावर विचारत सुटायचं, "इथे कुणाला दिसत नाही का? कुणाला चालता येत नाही का?" लोक आधी नाही म्हणायचे. मग चहाच्या टपरीवरचा एखादा हळूच एका घराकडे बोट करायचा. आतल्या खोलीतून माणूस बाहेर निघायचा, कधी वीस वर्षांचा, कधी पन्नाशीचा, ज्याचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठेच नसायचं. त्याला डॉक्टरांसमोर नेऊन दाखला काढायचा, मग पेन्शनचा नाहीतर साधनाचा अर्ज भरायचा. साधन म्हणजे कुबड्या, कानाचं यंत्र, पांढरी काठी, शिलाईचं यंत्र, ज्याला जे लागेल ते. माझ्या नोकरीत अपंगांचं सरकारी नाव दोन-तीनदा बदललं आणि दर वेळी पाटी रंगवणाऱ्याला काम मिळालं. माझं काम तेच राहिलं.

वाटप झालं की सहा महिन्यांनी पाहणी असायची. दिलेली वस्तू घरात आहे का, चालू आहे का, वापरात आहे का, एवढं बघून सही करायची. ही पाहणी मी फार मनावर घेत नसे, ते एका नारळवाल्यामुळे. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याला आम्ही कृत्रिम पाय मिळवून दिला. सहा महिन्यांनी गेले तर हा आपला जुन्या कुबडीवर उड्या मारत नारळ सोलतोय, आणि पाय भिंतीवर खुंटीला, प्लास्टिकच्या पिशवीत.

"अहो, हा लटकवलाय का?"

"तो लग्नाला घालायचा पाय आहे, मेडम," तो म्हणाला. "रोज वापरला तर झिजेल ना."

मी हसले आणि 'वापरात आहे' असं लिहून टाकलं. लग्नाला का होईना, घालतो तर खरं. तिथून मला ते दोन शब्द लिहायची सवय लागली.

सुमंगला पहिल्यांदा भेटली ती मी तिच्या गावी गेले म्हणून नाही. ती स्वतः आमच्या तालुक्याच्या कचेरीत आली. कचेरीला सात पायऱ्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं, एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी कुबड्या वरच्या पायरीवर ठेवून हातांवर जोर देत, बसत बसत पायऱ्या चढत होती. वर आल्यावर तिने परकर झटकला, कुबड्या घेतल्या आणि थेट माझ्या टेबलाशी आली.

"अक्का, बाजूला चाकं लावलेली स्कूटर सरकार देतं म्हणतात. मला पाहिजे."

लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार. दहावी झालेली. नंजनगूडच्या एका कारखान्यात तिला मालाची तपासणी करून पेट्या भरायचं काम मिळालं होतं. बसून करायचं काम, ते तिला छान जमत होतं. गावापासून कारखाना दहा किलोमीटर. बसची पायरी उंच, कंडक्टरला घाई. कधी बस थांबतच नसे. महिन्यातले पाच-सहा दिवस ती रस्त्यावरूनच घरी परत जायची.

बरोबर तिचा मोठा भाऊ महादेव आला होता, तो खाली झाडाखाली उभा होता. त्याच्याबद्दल आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला वाईट म्हणाल आणि ते खरं नाही. सुमंगलेला सातवीपर्यंत त्याने पाठीवर बसवून शाळेत नेलं होतं. स्वतः त्याने त्यापायी शाळा सोडली होती. बाप नव्हता, आई थकलेली. घरात दोन म्हशी आणि हा.

अर्ज मी मन लावून केला. दाखला, कारखान्याचं पत्र, फोटो, सगळं. निवड समितीत तिचं नाव लागलं तेव्हा मला माझ्याच घरात काही झाल्यासारखा आनंद झाला. वाटपाच्या दिवशी मांडव, झेंडूच्या माळा घातलेल्या स्कूटर ओळीने, भाषणं. भाषणात 'स्वावलंबन' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही. त्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात सुमंगला दिसतच नाही. ती गाडीवर बसलेली आणि तिच्या पुढे चावी देणारी माणसं उभी.

गाडी चालवायला महादेवनेच शिकवलं. गावच्या शाळेच्या मैदानावर. मी एकदा बघायला गेले होते. ती वळण घेताना घाबरून ओरडायची आणि हा मागून धावत, "सोडू नको, सोडू नको, आहे मी," असं म्हणायचा. आठवड्याभरात तिला यायला लागली. परवाना निघाला. पहिल्या दिवशी कारखान्यातून तिने मला फोन केला.

"अक्का, आज मी कुणाची वाट बघितली नाही."

एवढंच बोलली आणि ठेवला. माझ्या उभ्या नोकरीत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस. ते मी कसं घालवलं ते आता सांगते.

गाडी मिळून तीन महिने झाले असतील. रविवार होता. आमचे हे पुढच्या खोलीत कापड बेतत होते, त्यांचं शिलाईचं दुकान आहे, पण रविवारी घरीच काम चालतं. दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीत हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दार उघडलं तर समोर सुमंगला. डोक्यावर हेल्मेट, तोंड उन्हाने लाल, आणि हसू असं की गालात मावत नव्हतं.

"अक्का, सापडलं घर! तीन ठिकाणी विचारलं."

"एकटी आलीस? नंजनगूडहून? त्या रस्त्याने?"

"हो. लॉरी आली की बाजूला थांबत होते."

"पण काम काय होतं? काही अडचण झाली का?"

"काही नाही. सुम्मने आले."

सुम्मने हा आमच्या म्हैसूरच्या मराठीतलाही रोजचा शब्द. काही कारण नाही, उगीच, मनात आलं म्हणून. आम्ही दिवसातून दहा वेळा तो वापरतो. सुम्मने बाजारात गेले, सुम्मने चामुंडी टेकडीवर जाऊन आलो. पण तिच्या तोंडून तो ऐकून मला काही पटेना. कारखान्याला जाणं समजत होतं, दवाखान्यात जाणं समजत होतं. दोन्ही पायांना लोखंड लावलेली मुलगी उगीच म्हणून पंचवीस किलोमीटर कशी येईल? मला वाटलं घरी भांडण झालं असेल, नाहीतर कुणी मुलगा असेल. मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती हसतच सुटली.

"अक्का, खरंच काही नाही. एवढ्या दिवसांत कधी आपल्या मनाने कुठे गेले नव्हते. म्हटलं आज लांब जाऊन बघू."

तिला आत घेतलं, चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात वाढला, आणि स्वयंपाकघरात जाऊन मी महादेवला फोन लावला. सांगितलं की तुझी बहीण इथे आहे, एकटी आली आहे, येऊन घेऊन जा.

आमच्या ह्यांनी ते ऐकलं. कात्री हातात तशीच धरून ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कशाला बोलावतेस त्याला? आली तशी जाईल."

"रस्त्यात काही झालं तर माझ्या नावावर येईल," मी म्हणाले.

माझ्या तोंडून हेच वाक्य निघालं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला तिची काळजी वाटली. काळजी होतीच. पण तोंडातून आलं ते हे.

दीड तासाने महादेव बसने आला. सुमंगला ह्यांच्याशी गप्पा मारत बसली होती, बटणाचं काज कसं करतात ते विचारत होती. दारात तिला भाऊ दिसला. तिने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. एकदाच.

महादेव तिला रागावला नाही. "आई घाबरली आहे," एवढंच म्हणाला आणि चावीसाठी हात पुढे केला. तिने चावी दिली. बाहेर गाडीवर ती सवयीने पुढे बसली आणि मग सरकत सरकत मागच्या सीटवर गेली. तिच्या पायांना मागे नीट जागा नव्हती, एक पाय बाहेर अवघडून राहिला. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर हं." तिने मान हलवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि मी घरात येऊन समाधानाने आडवी झाले.

भाऊ पुढे आणि ती मागे, यात मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कसं वाटेल? मी लग्न झाल्यापासून ह्यांच्या स्कूटरवर मागेच बसत आले. मला चालवायला येत नाही आणि कधी शिकावंसं वाटलं नाही.

सहा महिन्यांची पाहणी आली तेव्हा मी तिच्या गावी गेले. अंगणात गाडी दिसली, पण ओळखू येईना. बाजूची चाकं काढून टाकलेली. गाडी साध्या स्कूटरसारखी स्टँडवर उभी आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेल्या. काढलेली चाकं गोठ्याच्या भिंतीला टेकून पडली होती, त्यांच्यावर शेणाच्या गोवऱ्या वाळत होत्या. चाकं असताना गाडी अरुंद वाटेने डेअरीपर्यंत जात नव्हती, असं महादेवने सांगितलं. काही लपवावं असं त्याला वाटतच नव्हतं.

"गाडी रोज चालू आहे, मेडम. हिला मीच सोडतो, मीच आणतो. म्हैसूरच्या त्या प्रकारानंतर आई तिला एकटीला सोडत नाही. तुम्हीच त्या दिवशी फोन केलात म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं."

आईने काफी आणून दिली. सुमंगला उंबऱ्याशी बसून होती. मी तिला विचारलं, "बरी आहेस ना?" भाऊ आणि आई समोर उभे असताना कुणी काय उत्तर देणार? "आहे," ती म्हणाली.

मी कागद काढला. नियम मला तोंडपाठ होता. लाभार्थी सोडून दुसरा कुणी वाहन वापरत असेल तर तसं लिहायचं, वाहन परत घ्यायचं, यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचं. मी मनात म्हटलं, गाडी गेली तर हिचं काय भलं होणार? घरच्यांचा राग हिच्यावरच निघेल. निदान सोडतो-आणतो तरी आहे. शिवाय परत घेतलेल्या गाडीचं प्रकरण म्हणजे सात-आठ पत्रं, साहेबांची नाराजी, आणि अजून चार गावं त्या दिवशी उरकायची होती. हे सगळं माझ्या डोक्यात दोन मिनिटांत झालं. तिला बाजूला घेऊन विचारावं, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

"काय लिहिताय, अक्का?" सुमंगलेने विचारलं.

"वाहन वापरात आहे."

"कुणाच्या?"

तिने ते भांडणाच्या सुरात विचारलं नाही. खरंच विचारलं, जसं कुणी बसचा नंबर विचारावा. कागदावर त्या प्रश्नाला जागा नव्हती. "तसं विचारलेलं नाही यात," मी म्हणाले आणि सही केली. काफी संपवली आणि पुढच्या गावाची बस पकडली.

म्हशींच्या धारा आणि कारखान्याची वेळ यांचं काही जमेना. डेअरीवर उशीर झाला की तिला उशीर, आणि परत न्यायला महादेव येईपर्यंत ती गेटवर बसून. चार-पाच महिन्यांत ते काम गेलं. मला हे दुसऱ्याकडून कळलं. त्यानंतर ती घरी बसून उदबत्त्या वळायला लागली. मी त्या गावात नंतरही जात होते, पण त्या गल्लीत जायचं टाळत होते. काही ना काही निमित्त सापडायचं.

मी निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली. त्याला दोन वर्षं झाल्यावर एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अक्का, मी सुमंगला. गाडीसाठी पुन्हा अर्ज केला होता. नाकारला."

जुनी स्कूटर महादेवने कधीच भंगारात घातली होती. त्याचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती, तो दूध सोडून एका गोदामात कामाला लागला होता. सुमंगलेला पुन्हा एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. पण नव्या अर्जावर शेरा पडला. पूर्वी वाहन मिळालेलं आहे, पाहणीत वापरात असल्याची नोंद आहे, सबब दुसरं देता येत नाही. त्या नोंदीखाली सही कुणाची ते तिने मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मी कचेरीत गेले. सगळी माणसं नवी. तिथला अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. आता सरकारचं धोरण बदलत आहे, नुसती वस्तू देऊन भागणार नाही, माणसाला आपल्या मर्जीने जगता यावं असं त्यात म्हटलंय, हे त्याने मला समजावून सांगितलं. माझ्या मुलाच्या वयाचा होता.

"मग हिचं काय करता येईल?" मी विचारलं.

"ती नोंद चुकीची होती असं तुम्ही लिहून दिलंत तर वर पाठवता येईल, मेडम. पण तुम्ही खोटा अहवाल दिला असा त्याचा अर्थ होतो. चौकशी लागू शकते. विचार करून सांगा."

मी विचार करायला घरी आले आणि एकोणीस दिवस विचारच करत राहिले. निवृत्तीनंतर नाव खराब होईल. लोक काय म्हणतील. मुलगा म्हणाला, त्यात पडू नकोस आई. विसाव्या दिवशी सकाळी ह्यांनी टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि दुकानात निघून गेले. मी लिहिलं. वाहन तिच्या वापरात नव्हतं, मला ते दिसत होतं, तरी मी तसं लिहिलं. तीन ओळी लागल्या. पण पत्र देईपर्यंत त्या वर्षीच्या अर्जांची मुदत संपली होती. चार दिवस आधी. मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर वेळेत गेलं असतं. चौकशी वगैरे काही लागली नाही. इतकी वर्षं ज्याला भ्याले, ते घडलंच नाही.

पुढच्या वर्षीचे अर्ज निघाले तेव्हा मी तिच्या गावी गेले, फॉर्म भरायला. ती घराच्या पडवीत बसली होती. केसांत एक-दोन पांढरे. हाताची बोटं उदबत्तीच्या मसाल्याने काळी झालेली. महादेव कामावर गेला होता, आई आता नाही.

मी त्या नोंदीबद्दल माफी मागायची तयारी करून गेले होते. वाक्यंसुद्धा ठरवली होती. ती म्हणाली, "ते जाऊ द्या, अक्का. तुम्ही दुसरं काही लिहिलं असतं तरी गाडी गेलीच असती. मला एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही फोन का केलात?"

"काळजी वाटली म्हणून."

"मी समोरच बसले होते. जेवत होते. मला का नाही विचारलं?"

मी तिला माझं ते वाक्य सांगून टाकलं, रस्त्यात काही झालं तर माझ्या नावावर येईल म्हणून केला. तिने हातातली उदबत्ती वळून बाजूला ठेवली.

"त्या दिवशी तुमच्या घरी आले, त्यानंतर मी अजून कुठे सुम्मने गेले नाही," ती म्हणाली.

मग आम्ही फॉर्म भरला. नाव, गाव, दाखला. संपर्काच्या रकान्याशी आले आणि सवयीने मी विचारलं, "महादेवचा नंबर तोच आहे ना?"

"माझा लिहा," ती म्हणाली. एकेक आकडा सावकाश सांगितला आणि लिहून झाल्यावर मला परत वाचायला लावला.

त्या वर्षी तिचं नाव लागलं नाही. यंदाही यादी लागली, त्यातही नाही. माझं पत्र वर कुठेतरी आहे म्हणतात. यादी कळल्यावर मीच तिला फोन केला, म्हटलं तिला दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं.

"माहीत आहे, अक्का," ती म्हणाली. "सकाळीच कचेरीत जाऊन बघून आले. आता परत निघाले आहे."

मागे रस्त्याचा आवाज येत होता. कशी गेलीस, कुणाबरोबर आहेस, हे माझ्या तोंडात आलं होतं. या वेळी मी ते विचारलं नाही.